पेनल्टीच्या ठिपक्याची माती

आमच्या ओल्डनहावेत कुणाच्याही घरी जा, तुम्हाला मागच्या बागेत नेतील, गवताचा एक चौकोन दाखवतील आणि सांगतील, हा वेस्टरडाइक स्टेडियमचा पेनल्टीचा ठिपका. बेकरीवाला सांगतो, दातांचा डॉक्टर सांगतो, चर्चमधली पाद्रीबाईसुद्धा सांगते. एका मैदानावर इतके ठिपके असते तर आमचा क्लब कधीतरी काहीतरी जिंकला असता. खरा ठिपका एकच होता आणि त्यात माझा नवरा होता.

मी फेना. माझा रूलोफ सुताच्या गिरणीत होता, पण गावात त्याची ओळख वेगळीच. वेस्टरडाइकला पश्चिमेच्या गोलामागे पाण्याचा चर होता. चेंडू चरात गेला की रूलोफ लांब काठीची जाळी घेऊन धावायचा आणि अख्खं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडायचं. आमच्या गोलरक्षकापेक्षा त्याला जास्त टाळ्या पडत. साहजिकच होतं, चेंडू पकडणारा तो एकटाच होता.

ते मैदान त्याच्या आजोबांच्या पिढीनं केलेलं. गिरणीचा भोंगा वाजला की ही माणसं घरी न जाता हातगाड्या घेऊन दलदलीत वाळू ओतायची. युद्धात खायला नव्हतं तेव्हा त्यावर बटाटे लावले. लाकडी स्टँड एका हिवाळ्यात लोकांनी तोडून चुलीत घातला आणि युद्ध संपल्यावर त्याच लोकांनी विटांचा बांधला. कुणी मजुरी मागितली नाही. आणि हे सगळं विकायला किती वेळ लागला? सभासदांची एक सभा, तीही कॉफी निवायच्या आत उरकली.

हात वर करणाऱ्यांत पहिला आमचा शेजारी लाम्बर्ट. क्लबचा सेक्रेटरी. हायवेपाशी नवी अरीना होणार, म्हणजे नवं स्टेडियम, एका विमा कंपनीच्या नावाचं. लाम्बर्ट म्हणाला, “स्टँड जातील, गवत राहील. तिथे बाग होईल. माझा शब्द आहे.”

रूलोफ उभा राहिला. “तुझा शब्द तू घरी ने. त्या अरीनात मी जिवंतपणी पाय ठेवणार नाही आणि मेल्यावरही नाही.”

लोक हसले. त्याच हिवाळ्यात गिरणीच्या धुळीनं त्याच्या फुप्फुसांचा निकाल लावला. शेवटी शेवटी बोलताना दम लागायचा, तरी चेष्टा सुटली नाही. “मला पश्चिमेच्या ठिपक्यावर टाक, फेना. आपल्या पोरांना तिथून नेम धरता येत नाही, मी खालून ढकलीन. आणि तुझी वेळ आली की तूही ये. मी सरकून जागा करीन.”

मी हो म्हटलं, आणि तो गेल्यावर त्याची राख त्या ठिपक्यात पुरली. राख वाऱ्यानं उडते म्हणून तिच्याबरोबर जाळी घेऊन धावताना तो घालायचा त्या कोटाचं पितळी बटण बोटानं मातीत खोल दाबलं. बटणावर क्लबचा बगळा होता.

शेवटच्या सामन्याला शिट्टी वाजली आणि लोक कुदळी, फावडी, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन मैदानात उतरले. जो तो आठवण म्हणून गवत कापतोय. मी स्टँडवरून खाली येईपर्यंत ठिपक्याच्या जागी केकचा तुकडा काढावा तसा खड्डा होता, आणि चांगला खोल. कुणी नेलं म्हणून मी किती जणांना विचारलं. सगळ्यांची तोंडं आनंदी आणि हात काळे. त्या गर्दीत कुणाला विचारणार आणि कोण सांगणार?

आणि बाग? बाग म्हणजे दोन झुडपं आणि कुत्र्यांच्या घाणीसाठी पिशव्यांचा खांब. बाकी सगळी घरं. एका गल्लीला नाव दिलंय ‘ठिपका गल्ली’. तिथे राहणाऱ्यांना वाटतं, ठिपका नावाचा कुणीतरी चित्रकार असेल.

माझी मुलगी विलेमीन दर वर्षी माझ्या अंत्यविधीच्या विम्याचा विषय काढते. “आई, तुला कुठे टाकायचं ते ठरव ना.”

मी म्हणते, “थांब, आधी बाबा सापडू देत.”

यंदा डॉक्टरनं माझ्या हृदयाचे ठोके ऐकून तोंड वाकडं केलं, तेव्हा मलाच घाई झाली. आणि बाबा सापडले ते लाम्बर्टच्या वाढदिवसाला.

नेहमीसारख्या खुर्च्या गोल मांडलेल्या. आमच्या रिवाजाप्रमाणे आधी लाम्बर्टचं अभिनंदन, मग त्याच्या बायकोचं नवऱ्याबद्दल, मग उरलेल्यांचं एकमेकांबद्दल. लाम्बर्टची बायको हिली, तिनं बिस्किटांचा डबा फिरवला. एकेक घेतलं की झाकण लावलं. मी खिडकीशी बसले होते. खिडकीच्या कट्ट्यावर निवडुंगाच्या कुंडीशेजारी बशीत चाव्या, पिना आणि एक पितळी बटण. मी उचललं. बगळा होता.

“हे कुठून आलं, हिली?”

“ते होय? बागेत निघालं. फरशा घातल्या ना, तेव्हा. छान आहे म्हणून ठेवलं.”

मी लाम्बर्टकडे बघितलं. तो त्याच्या कपात बघत होता. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“तू नेलंस त्याला?”

 लाम्बर्ट म्हणाला, “शेजारीण, तुझ्यासाठीच काढला होता ठिपका. कुणी भलताच नेईल म्हणून. तुला आणून देणार होतो.”

“मग मधे भिंत आडवी आली का?”

“लाज वाटली. बागेचा शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. कुठल्या तोंडानं येणार? म्हटलं, आपल्याकडे नीट राहील. पाणी घालत होतो मी रोज.”

मी उठून मागचं दार उघडलं. करड्या फरशा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर लोखंडी शेगडी आणि झाकलेली कॅराव्हॅन. हिरवं म्हणाल तर पाणी घालायची नळी.

“कुठल्या फरशीखाली आहे?”

“हिलीचा गुडघा दुखायला लागला, तण काढवेना...”

“लाम्बर्ट, कुठल्या फरशीखाली?”

“खाली वाळू आहे,” तो म्हणाला. “फरशांना खाली वाळूच लागते. माती कंत्राटदारानं नेली.”

“कुठे?”

तेवढ्यात बेल वाजली आणि उशिरा आलेला लाम्बर्टचा एक चुलतभाऊ आत शिरला. त्यानं रिवाजाप्रमाणे गोलभर हात मिळवले. माझ्यापाशी आला, माझा हात हलवला आणि म्हणाला, “अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल.” मी म्हटलं, “आभारी आहे.” दुसरं काय म्हणणार?

तो बसल्यावर लाम्बर्टनं हळूच सांगितलं. “अरीनाच्या पार्किंगला बांध घालत होते. हायवेचा आवाज अडवायला. फुकटात माती घेत होते, मग त्यानं तिकडेच ओतली.”

 मग म्हणाला, “मी एक फरशी काढतो. त्याच्या नावानं गुलाब लावू.”

“कुठे, तुझ्या शेगडीला टेकून?” मी म्हटलं. “त्याच्यावर सॉसेजचं तेल उडवत बसशील.” बटण पर्समध्ये टाकलं, कोट घातला आणि निघाले. बिस्किट तसंच राहिलं. हिलीनं ते परत डब्यात टाकलं असणार, मी ओळखते तिला.

रविवारी विलेमीनला गाडी काढायला लावली. आयुष्यात पहिल्यांदा अरीनापाशी गेले. सामना चालू होता, आतून भोंग्यासारखा आवाज येत होता. बांध लांबच लांब, मशीननं कापलेलं गवत, वर कसलीशी काटेरी झुडपं. त्यात गावभरच्या बागांची माती. ह्यातला रूलोफ कुठला आणि कुणाच्या कोबीचा वाफा कुठला, देवालाही सांगता येणार नाही. मी टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. बटण कुठे दाबावं तेच कळेना, शेवटी पर्समध्येच राहिलं.

पिवळ्या जाकिटातला एक पहारेकरी आला. “बाई, इथे थांबता येत नाही. गाड्यांची जागा आहे.”

“माझा नवरा इथे आहे.”

“असं होय,” तो बिचारा नम्र होता. “कुठल्या स्टँडला बसलेत? तिकिटावर नंबर असेल.”

“तो आत जात नाही,” मी म्हटलं. “शपथ घेतलीय त्यानं.”

पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. विलेमीननं माझा हात धरून मला गाडीत बसवलं. ती रडत होती. मला रडू येत नव्हतं, चीड येत होती. लाम्बर्टची, क्लबची, आणि खरं सांगायचं तर रूलोफचीही. एवढा ताठ माणूस, आणि कुणीही उचलावं, कुठेही टाकावं.

“आता तुला कुठे, आई?” विलेमीननं विचारलं.

“इथेच. बांधावर.”

“पण बाबांनी तर सांगितलं होतं, ह्या जागेत मेल्यावरसुद्धा पाय...”

“त्याला कुणी विचारून आणलं का?” मी म्हटलं. “मलाही नको विचारूस. गाडी काढ, सामना सुटला की गर्दी होईल.”