पाणी गोडं होतं

हिरामणने विमानाच्या नाकावर गोड्या पाण्याची तिसरी कळशी ओतली आणि फडक्याने चिखल पुसायला घेतला. पहाऱ्यावरचा पोलीस चहाला गेला होता. काल पेणच्या खाडीकाठी, हिरामणच्या खारजमिनीत हे शिकाऊ विमान इंजिन बंद पडून रुतलं होतं आणि नंतर भरतीचं पाणी त्यात शिरलं होतं. खाऱ्यात बुडालेला पंप आधी गोड्याने धुवायचा, मालक कोण ते नंतर विचारायचं, अशी तिथली रीत. मग पाहुण्या यंत्रालाच का वगळायचं?

चौकशीचे साहेब आले आणि पुरावाच धुतला गेलेला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गणपतींच्या पेणमध्येसुद्धा हे होतंच.

साहेबांबरोबर रोह्याजवळच्या वरसे गावची सुरभी होती. काल विमान तीच चालवत होती. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी दवाखान्यातून जबाब दिला होता, की हिने चुकून पेट्रोलचा खटका बंद केला.

"केलास का बंद?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाही... आता माहीत नाही, सर."

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. कालपासून इतक्या जणांनी विचारलं होतं, की तिला स्वतःच्या हाताचीही खात्री उरली नव्हती.

"आणखी कुठे हात लावलात?" साहेब हिरामणवर उखडले.

"धुवायच्या आदी टाकीच्या खालची चावी सोडली. पेट्रोलच्या आदी पानी आलं, अर्धा तांब्या."

"भरतीचं असेल."

"नाय साहेब. जिभेला लावून बघितलं ना. मिठागरात जल्म गेला माझा. गोडं होतं."

सुरभीने झटकन मान वर केली.

"म्हणजे ते टाकीत आधीपासूनच होतं! त्यानेच इंजिन बंद पडलं!"

"कुठाय ते पाणी?" साहेबांनी विचारलं.

"ओतलं."

साहेबांनी कागद काढला.

"हे लिहून द्यायचं, तर यंत्राला हात लावल्याचंही लिहावं लागेल. केस तुमच्यावरच होऊ शकते."

"चला घरी," हिरामणची बायको पुतळी त्याचा सदरा ओढू लागली. "पोरीचं तिचे आयबाप बघतील."

हिरामण गोंधळला. भलं करायला जाऊन गुन्हा कसा होतो, ते त्याला कळत नव्हतं. भीती मात्र चांगलीच वाटत होती.

"लिवा," तो म्हणाला. "पानी गोडं होतं."

सुरभी बांधावरच बसली आणि हमसून रडू लागली. सही केल्यावर हिरामणही डोकं धरून तिच्या शेजारी बसला. दोघांपैकी आधी कुणाला धरावं, ते पुतळीला कळेना.