माझ्याच गेमला माझंच कुलूप

सरळ सांगतो. डेरिक पाव्लुकवर मी बारा वर्षं जळतोय. मधे दोन-तीन वर्षं विसर पडला होता. मग डिसेंबरात ती मेल आली.

मेल सोलांज नावाच्या बाईची होती, क्यूबेकवरून. फ्लॅश बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्राउझरमधलं ते जुनं प्लगइन, आमच्या लहानपणीच्या सगळ्या गेम ज्याच्यावर चालायच्या ते. एकतीस डिसेंबर २०२० नंतर त्याला कोणी वाली नाही, हे तीन वर्षं आधीच जाहीर झालं होतं. तर ही सोलांज आणि तिच्यासारखी हौशी मंडळी त्या गेम गोळा करत होती. फ्लॅश गेलं तरी चालतील अशी सोय करून ठेवत होती. त्यांची पहिली यादी एकतीसला संध्याकाळी सहाला बंद होणार होती.

तिनं लिहिलं होतं, 'तुम्ही "पॅनकेक पेंग्विन"वर काम केलंय ना? श्रेयनामावलीत तुमचं नाव दिसलं.'

दिसणारच. 'ढेकर: अँटन लेहटिनेन.'

म्हणजे मी. माझा ढेकर जपून ठेवणार होते. मी नाही, माझी गेम नाही. ढेकर.

झालं असं होतं की आम्ही पंधरा वर्षांचे होतो. कॅनडातल्या थंडर बेमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या कॉम्प्युटरवर. डेरिककडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आई ओव्हनमधला फिनिश पॅनकेक करत होती आणि हा बसून पेंग्विन काढत होता. पेंग्विननं पॅनकेक खायचे. खूप खाल्ले की ढेकर द्यायचा. बस. एवढीच गेम. शनिवारी सुरू केली, रविवारी संपवली. मी म्हणालो, "हे नको टाकूस रे, अब्रू जाईल." त्यानं टाकली.

महिन्याभरात शंभर साइटवाल्यांनी ती चोरली. चोरली म्हणजे अक्षरशः उचलली आणि आपल्या पानावर डकवली. डेरिकनं कसलाच बंदोबस्त केला नव्हता. म्हणून ती सगळीकडे पोचली. चाळीस लाख वेळा खेळली गेली. त्याच्या जोरावर विसाव्या वर्षी त्याला मॉन्ट्रियलला गेम कंपनीत नोकरी लागली. मी टायरच्या दुकानात लागलो. अजून तिथेच आहे.

आणि माझी गेम? होती ना. 'सुपीरियरचा तळ'. एक पाणबुड्या आमच्या गावाला लागून असलेल्या सुपीरियर तलावात खाली खाली जातो. बुडालेली जहाजं, लोखंडाचा माल, गार काळं पाणी. नऊ टप्पे. दोन वर्षं खपून केली. कोणी शिकवलं नाही. रोज शाळेतून आलो की बसायचो. पाण्याचे बुडबुडे कसे वर जातात हे बघायला बादलीत स्ट्रॉ घालून फुंकायचो.

डेरिकची चोरी झालेली बघून मी शहाणा झालो होतो. माझं कोणी उचलायचं नाही! मग मी कुलूप घातलं. साधं नाही. साधं कुलूप फक्त गेम कुठल्या पत्त्यावर चाललीय ते बघतं. माझं कुलूप माझ्या पानावर जाऊन एक गुप्त शब्द मागायचं. तो शब्द घेऊनच पुढचे टप्पे उलगडायचे. शब्द नाही तर काळा पडदा, आणि त्यावर लाल अक्षरात, 'चोरा, ही गेम अँटनची आहे!'

कोणी चोरली नाही. कोणी बघितलीच नाही. कुलूप मात्र एक नंबर होतं.

मी सोलांजला डेरिकचा पत्ता दिला. द्यावाच लागला. मग शेवटी हळूच लिहिलं, 'माझीही एक गेम आहे, बघता का?' आणि फाइल जोडली.

दोन दिवसांनी तिनं फोन केला.

"अँटन, तुमची गेम उघडली मी."

"कशी वाटली?"

"ती मला चोर म्हणतेय."

माझ्या लक्षात आलं. माझं पान २०१३ सालीच गेलं होतं. ज्यांच्याकडे फुकट ठेवलं होतं ते बंद पडले. शब्द द्यायला पलीकडे कोणीच नव्हतं.

"शब्द आठवतोय का?" सोलांज म्हणाली.

"आठवेल."

"मूळ फाइल?"

मूळ फाइल जुन्या कॉम्प्युटरवर होती. आईनं तो चर्चच्या विक्रीत देऊन टाकला होता. मी आईला फोन लावला, तर ती म्हणते, "अरे, दहा वर्षं पडून होतं ते धूड. आणि एवढं काय अडलंय? डेरिकला विचार ना. गुणी मुलगा आहे. आईला नवी गाडी घेऊन दिली त्यानं."

"आई, मी तुझ्या गाडीच्या टायरना बर्फाचे खिळे फुकट ठोकून दिले होते."

"माझ्या नाही, डेरिकच्या आईच्या गाडीला दिलेस. आणि फुकट नव्हतं, तिनं मला सांगितलंय."

जाऊ दे.

आठवडाभर मी शब्द आठवत होतो. दुकानात हिवाळी टायरची झुंबड. बाहेर उणे वीस. कोविडमुळे त्या वर्षी कोणी आत यायचं नाही, गाडीची चावी खिडकीतून द्यायची. मी नट काढत होतो आणि पुटपुटत होतो. कुत्र्याचं नाव, शाळेतल्या मुलीचं नाव, जहाजांची नावं. घरी येऊन कॉम्प्युटरवर त्या जुन्या पानाची नक्कल मांडून त्यात एकेक टाकून बघायचो. 'चोरा.' 'चोरा.' 'चोरा.' दीडशे वेळा मला मी स्वतःच चोर म्हटलं.

वीस तारखेला सोलांजची मेल. 'काळजी नको. असली कुलपं फोडणारा आमच्याकडे एक जण नुकताच आलाय. फार हुशार आहे. तुमच्याच गावचा, डेरिक.'

मीच पत्ता दिला होता! पंधरा दिवसांत हा तिकडेही लाडका झाला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. आता ते सांगतो. टाळता येत नाही म्हणून.

नवव्या टप्प्यात, शेवटच्या जहाजाच्या पोटात, एक राक्षस आहे. त्याला मारलं की गेम संपते. त्या राक्षसाचं नाव पाव्लुक. चष्मा आहे, तसलाच जाड. आणि तो तोतरा बोलतो. डेरिक लहानपणी फार अडखळायचा. शाळेत पोरं नकला करायची तेव्हा मी भांडायला उठायचो. सगळ्यांसमोर मी त्याचा दोस्त. आणि घरी येऊन, दार लावून, मी त्या राक्षसाच्या तोंडी लिहिलं होतं, 'म-म-म-मी तुला खाईन.' प्रत्येक वेळी तो पडला की पुन्हा बोलायचा. पुन्हा पुन्हा. त्यावर मी एकटाच हसायचो. त्याच्या पेंग्विनला दहा लाख झाले त्या आठवड्यात लिहिलं होतं ते.

कुलूप उघडलं तर डेरिक ते वाचणार. नाही उघडलं तर माझी दोन वर्षं एकतीसला बुडाली.

मी सोलांजला उत्तरच दिलं नाही. ख्रिसमस झाला. सव्वीसला डेरिकचाच फोन आला.

"काय रे टायरवाल्या!"

"काय रे पेंग्विन."

"सोलांज म्हणते तुझ्या गेमला कुलूप आहे. कसलं जबरी कुलूप आहे! मी वरवर बघितलं. कोणाला घाबरून घातलंस?"

"चोरांना."

"चोर आले?"

"नाही."

"मग काय," तो हसला. मग थांबला. तो अजून थांबतो, अवघड शब्दाच्या आधी, रस्ता ओलांडताना बघतात तसा. "म... मला दे. दोन दिवसांत उघडतो."

"नको. तू कामात असशील."

"सुट्टी आहे. घरी यायची बंदी आहे. भिंतीकडे बघत बसलोय मी, अँटन. दे ना."

"अरे, काही खास नाहीये ती."

"तू बारा वर्षं म्हणतोयस ती खास आहे!"

मी म्हटलं, विचार करतो. ठेवला फोन. दोन पर्शियन आणले होते, आमच्याकडचे ते गुलाबी लेपाचे गोड पाव, दोन्ही उभ्याउभ्या खाल्ले. काही चव लागली नाही.

कबूल करतो, त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय आलं. एक, सोलांजला सांगायचं की फाइल बिघडली. दोन, दुसरा कोणी शोधायचा. शोधला. इंटरनेटवर गेमवाल्यांच्या एका मंचावर विचारलं तर तिघांनी एकच नाव सुचवलं. कोणाचं ते सांगायला नको. मिरच्या झोंबल्या म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

एकोणतीसला मी त्याला फोन केला.

"उघड. पण नववा टप्पा बघायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघायचा नाही."

"अरे, तुझं कुलूप सगळ्या टप्प्यांना एकच आहे. उघडलं की सगळं अक्षरन्‌अक्षर समोर येतं. डोळे मिटून उघडू का?"

मी खिडकीवरचं बर्फ नखानं खरवडायला लागलो.

"काय आहे नवव्यात?"

"तू आहेस."

"मी?"

"राक्षस आहेस."

तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं मजा आहे. "मग तर उघडलंच पाहिजे!" म्हणाला आणि फोन ठेवला.

तीस तारखेला काही नाही. मेल नाही, फोन नाही. दुकानात मी एका बाईच्या गाडीला उन्हाळी टायर परत चढवले. ती खिडकीतून म्हणाली, "अहो दादा, हिवाळा संपला का?" मालकानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

एकतीसला दुपारी तीन वाजता फोन वाजला. मी टायरच्या ढिगामागे गेलो.

"उघडली," डेरिक म्हणाला.

"हं."

"शब्द सांगू काय होता? 'ढेकर'."

मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही.

"चार म का घातलेस?" तो म्हणाला. "मी दोनदा अडायचो. फार तर तीनदा."

"डेरिक..."

"थांब. मला ब... बोलू दे. मला माहीत होतं सगळे हसतात. तू हसत नाहीस असं वाटायचं. तेवढं एक होतं."

ढिगामागे रबराचा वास फार येतो. मला दुसरं काही आठवत नाही त्या वेळचं.

"काढून टाक ना ते," मी म्हणालो. "तू आत आहेसच. नाव बदल, वाक्य पूस. तुला पाच मिनिटांचं काम आहे."

"नाही जमणार. यांचा नियम आहे. कुलूप फोडायचं, आतल्या एका अक्षराला हात लावायचा नाही. जशी केली तशी राहते."

"मग नको घालूस यादीत."

"ते तू ठरव. गेम तुझी आहे. सहाला यादी बंद होते." मग जरा थांबून म्हणाला, "बुडबुडे मस्त आहेत."

बुडबुडे मस्त आहेत! बारा वर्षांत कोणीतरी बुडबुड्यांबद्दल बोललं, आणि बोललं ते हा.

मी मालकाला सांगितलं, पोट बिघडलंय. गाडीत जाऊन बसलो, हीटर लावला, मांडीवर लॅपटॉप. यादीत गेमच्या खाली करणाऱ्याला चार ओळी लिहायची जागा होती. मी लिहिलं. खोडलं. पहिल्यांदा लिहिलं की तेव्हा मी लहान होतो. खोडलं, कारण सतरा वर्षांचा होतो, लहान कसला. मग लिहिलं की ती नुसती गंमत होती. तेही खोटं. शेवटी जे राहिलं ते असं होतं:

'नवव्या टप्प्यातला राक्षस माझा मित्र डेरिक आहे. तो तोतरा बोलायचा आणि माझ्यापेक्षा चांगल्या गेम करायचा. दुसऱ्या गोष्टीचा राग मी पहिलीवर काढला. कुलूप त्यानंच उघडून दिलं.'

सहाला वीस मिनिटं असताना पाठवलं. 

डेरिकचा एकच शब्द आला. 'वाचलं.'

नवीन वर्ष लागलं. आठवड्यानं कुठली गेम किती वेळा खेळली गेली ते बघितलं. 'पॅनकेक पेंग्विन', बेचाळीस हजार. 'सुपीरियरचा तळ', एकतीस. त्यातल्या नऊ वेळा मीच. प्रतिक्रिया दोन. एकानं लिहिलं होतं, 'फार अंधार आहे.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'खालची टीप वाचली. हा डेरिक भला माणूस दिसतो.'

माझ्या गेममध्ये! माझ्या पानावर! तिथेही हाच भला!

रविवारी सकाळी फोन आला. डेरिकचा.

"अँटन, कामात आहेस?"

"नाही. बोल."

"तो राक्षस मरत नाहीये रे. काल सकाळपासून बसलोय. भाला मारला, दिवा मारला, जाळं टाकलं. प... पडतो आणि परत उठतो. मीच मला मारता येत नाहीये, म्हणजे बघ."

"कुलूप फोडलंस ना? आतलं सगळं दिसतं तुला. बघ की."

"ते बघून खेळण्यात काय मजा? सांग ना कसा मरतो ते."

मला माहीत होतं. जहाजाचं झाकण आधी उघडायचं, चष्म्यावर उजेड पडून तो दिपतो, मग दोनच घाव. तोंडावर आलं होतं माझ्या.

"तुझे बेचाळीस हजार लोक आहेत ना," मी म्हणालो, "त्यांना विचार."

"सांग की लेका!"

"चाळीस लाख आणि बेचाळीस हजार. एखाद्याला तरी ठाऊक असेल."

तो शिव्या देत राहिला. छान, न अडखळता देत होता. पलीकडून माझ्या पाण्याचा आवाज येत होता, बुडबुड्यांचा. तो फोन न ठेवता खेळतच होता. मी पाय पसरून बसलो आणि ऐकत राहिलो.

सांगितलं नाही.