हिरव्या खुणेची खोटी ग्वाही

मित्रांनो, मी लोखंडाचा नाही की लाकडाचा नाही. संगणकात लिहिलेल्या बावीस ओळी, एवढाच माझा देह. गप्पा मारण्याच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मी राहतो. त्या प्रोग्रॅमला लोक छोटी छोटी प्लगइन, म्हणजे जादा कामाचे तुकडे, जोडतात; कुणी चित्रांसाठी, कुणी आलेले निरोप मोठ्याने वाचून घेण्यासाठी. प्लगइनची नवी, दुरुस्त आवृत्ती निघाली का, हे रोज सकाळी इंटरनेटवरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन विचारून यायचे, हे माझे काम.

मला लिहिले त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या कर्त्याला विचारले होते, "आणि पत्त्यावर कुणी भेटलंच नाही तर?"

"तर 'सगळं ठीक' म्हणू दे. लोक उगाच धास्तावतात."

मी वर्षानुवर्षे इमानेइतबारे फेऱ्या मारल्या. पुढे तो पत्ता बदलला. मला कुणी कळवले नाही. मी बंद दारावरून परत येई आणि 'सगळं ठीक'ची हिरवी खूण दाखवी.

एका घरात एक म्हातारे सुतारकाका होते. त्यांची नजर गेली होती. दूर राहणारा धाकटा भाऊ त्यांना रोज पानभर लिही. प्लगइन ते वाचून दाखवी आणि काका पोट धरून हसत. एके दिवशी ते प्लगइन मुके झाले. आठवड्याभरात दुरुस्त आवृत्ती निघाली, पण मला त्याचा पत्ताच नव्हता.

"सूनबाई, याचा घसा बसलाय का गं?"

कामावर निघालेल्या सुनेने माझी हिरवी खूण पाहिली. "सगळं ठीक आहे, बाबा. काही आलं नसेल." दुसऱ्याचे निरोप वाचू नयेत, म्हणून तिने पुढे पाहिले नाही.

"मग धाकटा रुसला असेल. रुसू दे! मी थोरला आहे, मी नाही आधी बोलणार."

पाच महिने गेले. काकांनी संगणकावर फडके टाकले, तेव्हा सुनेला राहवेना. ती स्वतः प्रोग्रॅम लिहिणारी. रविवारी तिने मला उघडले.

"अहो बाबा, हा तर धडधडीत खोटं बोलतोय!"

तिने नवा पत्ता लिहिला. 'नवीन काही नाही' आणि 'विचारताच आलं नाही' ही दोन उत्तरे वेगळी केली. प्लगइन दुरुस्त झाले आणि साचलेले निरोप एकामागून एक वाचू लागले. शेवटचा होता, "दादा, माझं काय चुकलं ते तरी सांग. असो, आता त्रास देत नाही."

काका म्हणाले, "लिही गं, 'अरे वेड्या, मला ऐकूच आलं नाही रे.'"

दोन दिवसांनी उत्तर आले. एकच शब्द. "बरं."

काकांनी तो तीनदा वाचून घेतला.

मित्रांनो, मी अर्ध्या तासात दुरुस्त झालो. ते दोघे भाऊ अजून दुरुस्त व्हायचे आहेत. म्हणून विनवतो, जिथून उत्तर येत नाही, तिथे सगळे ठीक आहे असे धरून बसू नका. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, आणि आपण थोरले असलो तरी पहिली हाक आपणच मारा.