वज्रकोटच्या राजाला भंडारा

प्रणिताने टेबलाचे खण उपसले, पर्स पालथी केली. नाणं गायब! आणि तिच्या नामपल्लीच्या ऑफिसात पुण्याचे अभिजीत साहेब अकराला यायचे होते. त्यांच्या नव्या कॉम्प्युटर गेममध्ये वज्रकोट नावाचं एक प्राचीन साम्राज्य होतं, आणि सीडीच्या डब्यात त्या साम्राज्याचं नाणं घालायचं होतं. नमुना पसंत पडला तर काम प्रणिताचं. नाहीतर पुन्हा डेटा एंट्री आहेच. हैदराबादेत तेव्हा कंपन्यांचं पीक आलं होतं खरं, पण मनाजोगतं काम मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग! बिचारीने घोड्यावरचा राजा कोरलेला पितळेचा तुकडा मीठ-व्हिनेगरात घालघालून पार हजार वर्षांचा म्हातारा केला होता.

"आई, माझं नाणं पाहिलंत?"

"नाणं नक्को म्हणू, टाक म्हण!" सासूबाई, पद्मावतीबाई, देवघरातून कडाडल्या. "घोड्यावरचा खंडोबा, अन् असा काळाठिक्कर ठेवतेस? चिंच लावून घासला, तवा कुठं देवाचं तोंड दिसलं."

देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांशेजारी वज्रकोटचा सम्राट भंडारा माखून लखलखत होता. हसावं की रडावं, प्रणिताला कळेना.

"आई, हा देव नाही. गेममधला खोटा राजा आहे."

"खोटा कसा? नैवेद्य दाखवलाय मी."

शेवटी तह झाला. राजा ऑफिसात जाईल, पण देव असा एकटा घराबाहेर पडत नसतो, म्हणून सासूबाई सोबत. ऑटोत त्या तबक मांडीवर घेऊन ऐटीत बसल्या. प्रणिता मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती.

अभिजीत साहेबांनी नाणं उचललं. खाचांत हळद, मुकुटाला चिकटलेला अक्षतेचा दाणा. "हे जुनं नाही वाटत."

प्रणिताने चिंचेपासून नैवेद्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेब खो खो हसत सुटले. "आम्ही किल्ले काढले, लढाया काढल्या; पण या राजाला मानणारं एक माणूस काढलं नाही! काम तुमचं. सगळी नाणी अशीच हवीत, हळदीसकट. हा नमुना मी पुण्याला नेतो."

"नक्को!" पद्मावतीबाईंनी तबक पुढे केलं. "तुमचे दुसरे घडवा. ह्यो आमच्या घरचा झाला."

साहेबांनी निमूटपणे राजाला तबकात ठेवलं, आणि चिमूटभर भंडारा कपाळाला लावला. प्रणिताला असा आनंद झाला, की तिने भर ऑफिसात सासूबाईंना मिठी मारली.

"अगं, हळू," पद्मावतीबाई ओरडल्या, "देव सांडतील!"