बारापट दुर्बीण

ओइवा कार्प्पिनेन त्या आठवड्यात तिसऱ्यांदा राइलीच्या बंदुकांच्या दुकानात शिरला, तेव्हा तिने मुकाट्याने कॉफी ठेवली. म्हातारा किती चिवट आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या बापाच्या जोडीने तो सगळा जन्म एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणांच्या, शिकारीला गेलेला. आता रायफलीवर बसवायची एक दुर्बीण घ्यायची, त्यात एवढं काय आहे? पण नाही. माणूस घर घेताना इतके आढेवेढे घेत नाही.

"काय ओइवाकाका, आज तरी ठरवणार का? का दुकानातच मुक्काम हलवताय?"

"कॉफी फुकट आहे तोवर येणारच मी. दाखव परत त्या."

राइलीने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या. एक स्वस्तातली होती, तिच्याकडे ओइवाने ढुंकूनही पाहिलं नाही. उरलेल्या दोन्ही मधल्या किमतीच्या, साध्या माणसाला परवडतील आणि पावसाबर्फात टिकतील अशा. एकीत एकपटीपासून सहापटीपर्यंत दिसायचं, दुसरीत तीनपटीपासून बारापटीपर्यंत. मधलं कडं फिरवलं की चित्र लहानमोठं व्हायचं.

"हे बघा काका, मी पुन्हा सांगते," राइली म्हणाली. "तुमची जागा दलदलीच्या कडेला, दाट झाडीत. जनावर येणार ते अगदी जवळून. तुम्हाला ही एक ते सहावाली हवी. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, आजूबाजूचं सगळं दिसतं. ती बारापट काय करायचीय तुम्हाला? चंद्रावर शिकार आहे का?"

"म्हातारपणी जरा मोठं दिसलं तर तुझं काय जातं ग?"

तो दोन्ही दुर्बिणी घेऊन मागच्या दाराशी गेला. समोर तळं, आणि तळ्यापलीकडे पेट्रोलपंपाची पाटी. त्याने पहिली डोळ्याला लावली. पंप दिसला, झाडं दिसली, आभाळ दिसलं. पाटी मात्र नव्हती. पाटीच्या जागी राखाडी डाग होता, काचेवर कुणी ओलं बोट टेकवावं तसा. त्याने काच पुसली नाही. डाग काचेवर नाही हे त्याला वसंत ऋतूपासून माहीत होतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांच्या मधोमधची नजर चालली आहे, उजव्याची जास्त, आणि गेलेली परत येत नाही. कडेचं दिसत राहील म्हणाल्या. जसं काही कडेचंच बघायला माणूस जगतो!

मग त्याने दुसरी लावली आणि कडं बारावर नेलं. पाटीवरची अक्षरं एवढी मोठी झाली की डागाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली, आणि ओइवाने ती वाचली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"हीच दे," तो म्हणाला.

राइली त्याच्याकडे बघत होती. पाटी वाचताना त्याने मान कशी तिरपी केली, ते तिने पाहिलं होतं.

"काका, डोळे तपासलेत का एवढ्यात?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझ्या बापालासुद्धा माझ्याइतकं दिसत नव्हतं."

"बरं बरं, रागावू नका. पण एक ऐका. रानात कडं तीनवरच ठेवायचं. बारावर ठेवलंत तर जनावराचे केस मोजाल, पण शेजारी काय उभं आहे ते दिसायचं नाही. कळलं?"

"कळलं ग बाई. मी काय काल जन्मलोय?"

तिने दुर्बीण बसवून दिली. हिल्काला, म्हणजे ओइवाच्या मुलीला, फोन करावा असं तिच्या मनात दोनदा आलं. पण हिल्का या वर्षी त्यांच्या शिकारी मंडळाची प्रमुख झाली होती, आणि तिला कळलं असतं तर म्हाताऱ्याची जागा गेलीच असती. राइलीला त्याची दया आली आणि ती गप्प बसली. दया करणारीही माणसंच, चुकतात.

आता म्हणाल, एवढं काय अडलं होतं या शिकारीवाचून? तर ऐका. ओइवाची बायको सायमी जाऊन दोन वर्षं झाली होती. मोटार त्याने गंज चढला म्हणून विकून टाकली होती, खरं कारण कुणाला न सांगता. वर्तमानपत्र बंद केलं, आता सगळा खोटारडेपणा छापतात म्हणून. उरली होती ती ऑक्टोबरची शिकार. त्या दिवसांत लोक त्याला विचारायचे, ओइवा, वारा कुठला आहे? ओइवा, काल माग कुठे दिसला? ज्याला नेम धरता येत नाही त्याला मंडळ हाकलत नाही, छे! त्याला झोपडीत वाटाण्याच्या सुपाजवळ बसवतात, पळी हातात देऊन. सगळे त्याच्याशी गोड बोलतात, आणि वारा कुठला आहे ते त्याला कुणी विचारत नाही. ओइवाला ती पळी नको होती. मरण परवडलं, पळी नको, असं तो स्वतःशी म्हणायचा.

नेमबाजीची सक्तीची परीक्षा त्याने आदल्या वर्षीच दिली होती, तिची मुदत अजून संपली नव्हती. तरीही सप्टेंबरभर तो चांदमारीवर एकटाच जाऊन बसला. त्याने एक युक्ती काढली. दुर्बीण बारावर ठेवली की निशाणाची काळी तबकडी डागाहून मोठी व्हायची. डागाभोवती तबकडीची काळी कड सगळीकडून सारखी दिसली की समजायचं नेम मधोमध आला, आणि चाप ओढायचा. गोळ्या बरोबर लागत होत्या! म्हातारा खुशीत शीळ घालत घरी यायचा. तबकडीशेजारी कधीच कुणी उभं नसतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

शिकारीच्या पहिल्या सकाळी झोपडीपुढे शेकोटी पेटली होती, सळईवर सॉसेज भाजत होते. नारिंगी टोपी घातलेली हिल्का उभी राहिली आणि दर सकाळी प्रमुखाने सांगायचं असतं ते तिने सांगितलं.

"आधी पाडस टिपायचं. पाडसवाल्या आईवर गोळी नाही. एकटी मादी दिसली तर मागे बघा, परत बघा. खात्री नसेल तर जाऊ द्या. सूप काही पळून जात नाही."

सगळे हसले, ओइवाही हसला. तिने जागा वाटल्या. "बाबा, तू नेहमीच्या जागी, दलदलीच्या कडेला." त्याने मान हलवली. पोरगी किती खणखणीत बोलते, सायमी असती तर बघत राहिली असती, असं वाटून त्याला भरून आलं.

तो आपल्या ओंडक्यावर जाऊन बसला. दूर कुठेतरी हिल्काचा कुत्रा भुंकू लागला, मग गप्प झाला. वॉकीटॉकीवर हिल्काचा आवाज आला.

"बाबा, कुत्र्याच्या तावडीतून एक सुटलंय, तुझ्याकडे येतंय. मादी वाटते. पाडस आहे का ते मला दिसलं नाही. नीट बघ हं."

"बघतो."

फांद्या मोडल्या. झाडांत काहीतरी मोठं, तपकिरी येऊन थांबलं. त्याने रायफल खांद्याला लावली. कडं तीनवर होतं, राइलीने बजावल्याप्रमाणे. जनावराचे पाय दिसले, पाठीची रेघ दिसली, आणि मधे डाग. खांदा कुठे, छाती कुठे, काही उमगेना. त्याने कडं बारावर फिरवलं. सगळी काच तपकिरी केसांनी भरून गेली. नर नव्हता, शिंगं नव्हती. मागे बघ, हिल्काने सांगितलं होतं. त्याने बघितलं, म्हणजे दुर्बीण जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवली. झाडांची सालं दिसली. दुर्बिणीतून डोळा काढून एकदा साध्या नजरेने बघावं, एवढंच करायचं राहिलं. जनावर निघून जाईल, ही एकच धास्ती त्याच्या मनात होती. डागाभोवती तपकिरी कड सारखी झाली आणि त्याने चाप ओढला.

जनावर चार ढांगा टाकून कोसळलं.

"पडली!" तो वॉकीटॉकीत ओरडला. "एका गोळीत पडली! एकटीच होती."

"शाब्बास बाबा! येतेच मी."

त्याने थर्मास उघडला. इतका आनंद त्याला सायमी गेल्यापासून झाला नव्हता. अजून एक वर्ष निघालं, कदाचित दोन निघतील. कॉफीचा घोट घेताना त्याने मान दुसरीकडे वळवली, आणि डोळ्याच्या कडेला, जिथे त्याला अजून स्वच्छ दिसत होतं तिथे, काहीतरी हललं.

लांब पायांचं पाडस होतं. ते आईजवळ आलं, तिच्या मानेला नाक लावलं आणि तिला ढुशा देऊ लागलं. ती उठेना तेव्हा पुन्हा ढुशी दिली.

ओइवाच्या हातातला पेला खाली पडला. अरे देवा, काय करून बसलो मी हे!

आईशिवाय पाडस हिवाळा काढत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. आणि ज्याने चूक केली त्यानेच ती निस्तरायची, हा मंडळाचा जुना रिवाज. पाडस मारायचा परवानाही मंडळाकडे होता. त्याने रायफल उचलली. पाडस लहान होतं. बारापटीतही ते डागात नाहीसं झालं, नुसते कान बाहेर राहिले. चाप ओढला तर गोळी पोटात लागेल की पायात, देव जाणे. मग ते तीन पायांवर रानात जाईल आणि कुठेतरी तडफडत मरेल. एकीला चुकून मारलं ते पुरे. त्याने रायफल खाली ठेवली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली. सगळं मंडळ ऐकत होतं.

"हिल्का, पाडस होतं. मी चुकलो. लवकर ये."



हिल्का कुत्र्याला साखळीला बांधून धापा टाकत आली. पाडस अजून तिथेच होतं.

"बाबा, मार त्याला. असं उभं ठेवू नको."

"मला नाही जमणार."

"तुलाच करायचंय. नियम तूच शिकवलायस मला."

"हिल्का, मला दिसत नाही ग."

"काय दिसत नाही? समोर तर आहे!"

"समोरचंच दिसत नाही. मधलं काहीच नाही दिसत. वसंतापासून."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली ठेवलेली रायफल उचलली. दुर्बिणीला डोळा लावून ती क्षणभर थांबली, कडं बारावरून तीनवर आणलं. गोळी सुटली. पाडस आईच्या अंगावर पडलं.

कुत्रा साखळी ओढत कण्हत होता. हिल्काने रायफल रिकामी केली आणि बापासमोर गुडघ्यांवर बसली.

"माझं तोंड दिसतं का तुला?"

"टोपी दिसते. केस दिसतात."

"म्हणजे तू..." तिचा आवाज फाटला. "म्हणजे जेवताना तू खिडकीकडे बघून बोलतोस ते... बाबा, आई गेली तेव्हा मी वेळेवर पोहोचले नाही, म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस असं मी धरून चालले होते. एवढे महिने! रविवारी तुझ्याकडून घरी जाताना गाडी थांबवून रडायचे मी."

आपली जागा राखायला ओइवाने सगळ्या गावाला फसवलं होतं, आणि त्या फसवणुकीची किंमत ही पोरगी दर रविवारी मोजत होती. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"नाही ग बाळा," तो म्हणाला. "तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू नाहीशी होतेस. म्हणून खिडकीकडे बघायचो. तिकडे बघितलं की तू दिसतेस."

"मग आता बघ ना," हिल्का म्हणाली.

त्याने मान वळवली, दलदलीकडे, जिथे ती मायलेकरं पडली होती तिकडे, आणि त्याला मुलीचे डबडबलेले डोळे दिसले.