हॉट प्रेसमधला वास

राजसला जाऊन सहा आठवडे झाले होते, तेव्हा तो पहिल्यांदा घरी आला.

कळलं ते इशिताला. आठ वर्षांची पोर आंघोळ करून टॉवेल गुंडाळून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. आपल्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत तिनं अगदी सहज सांगितलं, की टॉवेलला बाबाचा वास येतोय. तिच्या आईनं, तन्वीनं, टॉवेल नाकाशी धरला. काळी द्राक्षं आणि पुदिना. सिगारेट सोडल्यापासून राजस जे बोटभर लांबीचं, विजेवर चालणारं व्हेप ओढायचा, त्याचा वास. आणि टॉवेल तिनं परवाच धुतला होता.

ड्रोहेडा ह्या आयरिश शहरातल्या त्या घरात जिन्याच्या माथ्यावर, गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट होतं. एक माणूस आत उभा राहील एवढं. इकडे त्याला हॉट प्रेस म्हणतात. धुतलेले कपडे आत ठेवले की ओल राहत नाही. तन्वीनं त्याचं दार उघडलं. आत चादरी, टॉवेल, कोपऱ्यात एक स्टूल आणि ऊब. बाकी कोणी नाही. वास मात्र होता.

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. बहुधा दुपारी चारच्या सुमाराला. बाहेर नोव्हेंबरचा उजेड विझत आलेला असे, इशिता शाळेनंतरच्या वर्गात, सासूबाई खाली कुठेतरी, आणि तन्वी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. दाराच्या फटीतून ती गोडसर थंड लहर आत येई. पहिल्या दिवशी तिचे हात कीबोर्डवरच थिजले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती साडेतीनलाच वाट बघायला लागली. मीटिंगा तिनं पुढे ढकलल्या.

घरात बोलायला होत्या त्या एकट्या सासूबाई. सुरेखाबाई कोरेगावच्या. मुलाच्या अंत्यविधीला आल्या आणि व्हिसाचे तीन महिने पुरे होईपर्यंत नातीसाठी राहिल्या. दोघींचं बोलणं भाजी काय करायची, इशिताला कधी आणायचं, एवढ्यापुरतं. राजसचं नाव निघालं की दोघी उठून काहीतरी आवरायला लागत.

आठव्या आठवड्यातल्या एका दुपारी वास इतका दाट आला, की तन्वी उठून जिन्यापाशी गेली. हॉट प्रेसच्या दाराला तिनं कपाळ टेकलं. दार उघडलं नाही. उघडलं तर तो उडून जाईल, असं तिला वाटलं. आणि दोन महिन्यांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट ती त्या लाकडाशी बोलली.

"राजस, तू सकाळी म्हणालास डोकं फुटतंय. मी म्हणाले, ओढ आणखी ते व्हेप, मग फुटणारच. तू थांबलास दारात. मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही रे. मी डबा भरत होते."

त्या दिवशी तो नेहमीच्या गाडीनं डब्लिनला गेला. स्टेशनात उतरता उतरता पडला. मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळी सारं संपलं होतं.

बोलल्यावर तन्वीला हलकं वाटलं. मग ती रोजच बोलायला लागली. एकदा तर इशिताच्या शाळेतलं काहीतरी सांगताना ती हसलीही.

दहाव्या आठवड्यात वास बदलला. पुदिन्याच्या मागून काहीतरी करपल्यासारखं येऊ लागलं, आणि एका दुपारी हॉट प्रेसच्या आत कोणीतरी खोकलं.

तन्वीनं दार उघडलं.

स्टुलावर सुरेखाबाई बसल्या होत्या. पाठ गरम टाकीला टेकलेली, पदर तोंडाशी, आणि मुठीत राजसचं ते निळं व्हेप.

धूर चादरींवर रेंगाळत होता.

"आई, हे काय?"

"मशेरी संपली माझी," सुरेखाबाई म्हणाल्या. आवाज चोरट्या पोरीसारखा होता. "आनलेली समदी संपली. डोकं दुखाय लागलं, हात कापाय लागलं. हतं कुनाला मागू? वरच्या फळीला ती दवाखान्याची पिशवी दिसली. आत ह्ये आन रसाची बाटली."

हॉस्पिटलनं राजसच्या वस्तू घालून दिलेली पिशवी तन्वीनं चादरींच्या मागे सारली होती. उघडायचा तिला धीर झाला नव्हता.

"आणि हे भरायचं कसं ते तुम्हाला कोणी शिकवलं?"

"त्यानंच. फोनवर दावलं व्हतं न्हवं का. म्हनला, आई, ही बघ माझी मशेरी. कसं भरत्यात, कुठनं ओढत्यात, समदं हसत हसत दावलं." त्यांनी यंत्र दोन्ही हातांत धरलं. "ह्येच्यावर त्याचं तोंड लागल्यालं हाय, तन्वी."

तन्वीला तेव्हा दया आली नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"मी रोज इथे येऊन बोलत होते. तुम्ही आत होतात?"

सुरेखाबाईंनी मान खाली घातली. "व्हय."

"सगळं ऐकलंत?"

"ऐकलं. म्हनून तर भाईर आले न्हाई. तू मोकळी व्हतीस. मदीच दार उघडून मी काय सांगू, ह्यो न्हाई, मी हाय म्हनून?"

तन्वी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली, मग त्या म्हातारीचा संताप आला, आणि दोन्ही ओसरल्यावर लक्षात आलं, की तो दुसऱ्यांदा गेला होता. पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता.

तिसऱ्या दिवशी सुरेखाबाई उठल्याच नाहीत. डोकं बांधून पडल्या होत्या, चहाचा कप धरताना बोटं थरथरत होती. निळं यंत्र उशाशी. "ओढवत न्हाई आता," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "नुसतं करपल्यालं लागतं."

तन्वीनं खुंटीवरचा त्यांचा कोट काढला. मग म्हणाली, "उठा. कोट घाला."

व्हेपचं दुकान वेस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत होतं. गल्ल्यावर बर्नी नावाची पन्नाशीची बाई होती, केस लाल रंगवलेले, चष्मा साखळीला. तन्वीनं निळं यंत्र पुढे ठेवलं आणि म्हणाली, की असंच हवंय.

बर्नीनं ते उलटसुलट करून बघितलं. "हे बनवणं बंद झालं, लव्ह. ह्याचे पॉड, रस भरतात त्या कुप्यासुद्धा मिळत नाहीत. आतली तार जळून गेलीय. हे कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं. पॉड शेवटचा ऑगस्टमध्ये बदलला असेल."

"मग करपणारच. कोणासाठी हवंय? तुझ्यासाठी?"

"सासूबाईंसाठी. त्यांनी सिगारेट कधी ओढली नाही. तंबाखू भाजून, पूड करून दाताला लावतात."

बर्नीनं सुरेखाबाईंकडे बघितलं आणि जराही न दचकता मान हलवली. "माझी आजी तपकीर ओढायची. चर्चमध्येसुद्धा. बस म्हणावं त्यांना." तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि काउंटरवर चार यंत्रं मांडली.

पहिलं तन्वीनंच बाजूला केलं. त्यात मोबाइलसारखा पडदा होता, बटणं होती, आणि ओढलं की ढगभर धूर. दुसरं सुरेखाबाईंनी हातात घेतलं तर त्याच्या पोटात निळा दिवा लागला.

"ह्यात दिवा कशाला?" त्या म्हणाल्या.

तन्वीनं ते भाषांतर करून सांगितलं. बर्नी हसली. "बरोबर विचारतायत. मलाही आजवर कळलेलं नाही."

उरली दोन. बर्नीनं शांतपणे समजावलं. दोन्हीला बटण नाही, ओठाला लावून ओढलं की चालू. दोन्हीची ओढ घट्ट, सिगारेटसारखी, म्हणजे घोट तोंडात घ्यायचा, एकदम छातीत नाही. पण एकाचा पॉड काळा, आत किती उरलं ते दिसत नाही, आणि कोरडं ओढलं की तार जळते. दुसऱ्याचा पॉड काचेसारखा पारदर्शक, भरायचं तोंड बाजूला, रबराचं झाकण बोटानं उघडतं. नवा पॉड भरला की दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे आतला कापूस भिजतो.

"त्यांच्या हाताला कोणतं बरं वाटतंय ते बघ," ती म्हणाली. "रोजच्या वापराला शेवटी तेवढंच महत्त्वाचं. पिशवीत फुटत नाही, गळत नाही, आणि मुठीत बसतं."

सुरेखाबाईंनी पारदर्शक पॉडचं यंत्र मुठीत धरून बघितलं, कोटाच्या खिशात टाकून बघितलं, काढलं. "ह्ये."

"आणि निकोटीन किती कडक?" बर्नीनं विचारलं. "तुझा नवरा कितीचं घ्यायचा?"

"वीस मिलिग्रॅमचं."

"त्यांना वीसनं चक्कर येईल. दहा घे."

"पंधरा दिवसांनी त्या भारतात जातील," तन्वी म्हणाली. "तिकडे व्हेपला बंदी आहे. नेता येणार नाही."

बर्नीनं विचार केला. मग दहाची एक बाटली, तीनची एक, आणि एक बिननिकोटीनची अशा तीन बाटल्या काढल्या. तिन्ही काळ्या द्राक्षाच्या आणि पुदिन्याच्या. "पायरी पायरीनं उतरवा. आणि विमानात बसायच्या आदल्या दिवशी यंत्र माझ्याकडे आणून दे. हे जुनं आता इथे डब्यात टाकू?"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या. एक इंग्रजीत, एक मराठीत.

गाडी नदीकाठी लावलेली होती. गाडीपाशी उभ्या राहूनच तन्वीनं पॉड भरला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं वाट पाहिली. भरतीचं पाणी बॉइन नदीत चढत होतं, तपकिरी, हळू. मग सुरेखाबाईंनी यंत्र ओठाला लावलं, एक घोट घेतला आणि सोडला.

धूर तन्वीच्या तोंडावरून गेला. तीच द्राक्षं, तोच पुदिना. नुसता वास.

सुरेखाबाईंनी पुन्हा ओढलं. मग हात खाली आला. "ह्यो त्याचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही," तन्वी म्हणाली.

सीगल रेलिंगवरून उतरून चालत जवळ आले, काही मिळत नाही बघून निघून गेले.

"त्या दिशी मला बी फोन केला व्हता त्यानं," सुरेखाबाई म्हणाल्या. "गाडीत बसल्यावर. म्हनला, आई, डोकं लई दुखतंय. मी म्हनलं, पित्त झालं आसंल, उपाशी ऱ्हातोस. आलं चोख. म्हनला, गाडीत आलं कुठनं आनू." त्यांनी यंत्र खिशात ठेवलं. "मी हासले. त्यो बी हासला. मग फोन कट झाला, बोगदा आला आसंल म्हनून मी काय परत लावला न्हाई."

ह्या मार्गावर बोगदा नव्हता. तन्वी ते बोलली नाही. तिनं सासूबाईंचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, कारण तो बर्फासारखा गार पडला होता, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"तू कपाटापाशी येऊन बोललीस," सुरेखाबाई म्हणाल्या. "मी कुठं जाऊ?"

"मला सांगा," तन्वी म्हणाली. "रोज चारला. मी काम बंद करीन."

त्या दिवसापासून दोघी चार वाजता मागच्या पायरीवर शाली घेऊन बसायला लागल्या. सुरेखाबाई दोन-चार घोट घेत, आणि राजसबद्दल बोलत, कधी भांडतही. दुसऱ्या आठवड्यात बाटली तीनवर आली. डोकं बांधणं थांबलं.

इशिताला खरं सांगायला हवं होतं. रविवारी नाश्त्याला तन्वीनं सांगितलं. टॉवेलला जो वास यायचा तो आजीमुळे. आजी आजारी होती, तिला बाबाची आठवण यायची, म्हणून ती बाबाचं व्हेप घेऊन हॉट प्रेसमध्ये बसायची. बाबा येत नव्हता.

इशितानं टोस्टवरचं लोणी पसरवत ऐकून घेतलं. "मला माहितीये, ते आजीचं होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "मी एकदा दाराच्या फटीतून तिचे पाय बघितले. पण बाबा टॉवेलमध्ये नाहीच येत. तो आपल्या गाडीत येतो."

तन्वीनं सासूबाईंकडे बघितलं. नदीवरचा तो एक दिवस सोडला तर व्हेप घेऊन त्या गाडीत कधी बसल्याच नव्हत्या. त्यांनी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"कधी येतो?"

"शाळेत जाताना. मोठ्या पुलापर्यंत. रोज नाही येत," इशिता म्हणाली, आणि उठून बशी सिंकमध्ये ठेवायला गेली.

सोमवारी सकाळी तन्वीनं गाडीच्या सगळ्या खिडक्या वर केल्या. हीटरही लावला नाही. पूल येईपर्यंत तिनं नाकानं सावकाश श्वास घेतला. ओल्या कोटांचा वास आला, इशिताच्या डब्यातल्या संत्र्याचा आला. आरशात तिनं मागे बघितलं. इशिता डोळे मिटून बसली होती, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरचं आपलं दप्तर तिनं उचलून मांडीवर घेतलं होतं.