परतणाऱ्याचा शेला

टाचणी बोटात शिरली तरी इर्मेलिंडानं हात मागे घेतला नाही. डाव्या बाहीवर काळ्या कापडाची पट्टी नीट बसेपर्यंत ओलांदिना मावशी सोडणार नव्हतीच.

"हलू नकोस. आई गेलीय तुझी. शाळेचा बिल्ला नाही लावत मी."

तेवढ्यात युस्तिना आत आली. राष्ट्राध्यक्षांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचं मानपान तीच बघायची. पट्टी पाहून ती जागीच थांबली.

"मॅडम, आज ही नको. लढाई संपल्यापासून शेजारच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी पहिल्यांदाच आपल्या राजधानीत, दिली शहरात येतेय. फोटोत काळं दिसलं तर लोक म्हणतील, तुम्ही निषेध केलात."

"वर्ष भरायला दोन महिने आहेत," मावशी म्हणाली. "थडग्यापाशी सगळे जमू, काळं उतरवू, मग जेवू, नाचू. त्याआधी कसं काढायचं? राष्ट्राध्यक्षाची बायको झाली म्हणून मेलेली माणसं हिला सलाम ठोकणार आहेत होय?"

"मग निदान झाका तरी," युस्तिना काकुळतीला आली.

इर्मेलिंडा उठली. आईची पेटी उघडून तिनं तळाचा लाल शेला काढला आणि डाव्या खांद्यावरून सोडला. पट्टी झाकली गेली. मावशीचा चेहरा उतरला.

"हा घेतेस?"

"झाकायलाच घेतेय, मावशी."

घरी येणाऱ्याच्या गळ्यात शेला घालायची रीत. हा शेला अनिसेतोचा होता. इर्मेलिंडाचा हा भाऊ त्याच शेजारी देशाच्या फौजेशी लढायला डोंगरात गेला, तो आलाच नाही. हाडंही सापडली नाहीत. ज्यांची मुलं परतली नाहीत त्या गावातल्या इतर आयांनी काळं बांधलं, वर्षानं उतरवलं. आईनं बांधलं नाही. 'मी काळं बांधलं, तर तो मेला असं मीच म्हटल्यासारखं होईल,' म्हणायची. कमरेला माग बांधून तिनं हा शेला विणला आणि पेटीत ठेवून वाट पाहिली. शेवटच्या आजारातही पाहिली.

पायऱ्यांवर उन्हाचा ताव होता. युस्तिना तबक धरून उभी होती. त्यात सरकारी शेला, कोरा, घडी न मोडलेला. पाहुणी गाडीतून उतरली. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. हातातल्या पिशवीचा बंद ती सारखा बोटाला गुंडाळत होती.

इर्मेलिंडा तबकाकडे वळली तसा खांद्यावरचा शेला घसरला. पट्टी उघडी पडली. कॅमेरे कडकडले.

"कोण गेलं?" पाहुणीनं हळूच विचारलं. तिची भाषा इर्मेलिंडाला दुभाष्याशिवाय कळत होती. त्या देशाचं इथे राज्य होतं तेव्हा शाळेत त्याच भाषेत शिकावं लागलं होतं.

"आई."

इर्मेलिंडा शेला पुन्हा वर ओढू लागली. पाहुणीनं तिचा हात धरला.

"माझ्यासाठी झाकू नका."

एवढंच बोलून तिनं शेल्यासाठी मान खाली केली. पिकलेल्या केसांत सरळ भांग होता, आईच्या डोक्यावर असायचा तसा. इर्मेलिंडाचा हात तबकावरच थांबला. मग तिनं खांद्यावरचा लाल शेला काढला आणि त्या वाकलेल्या मानेवर घातला.

पाहुणीनं त्याच्या गोंड्यांवरून बोटं फिरवली.

"हा कुणासाठी विणलाय?"

"घरी येणाऱ्यासाठी," इर्मेलिंडा म्हणाली.

संध्याकाळी ती खोलीत आली तेव्हा मावशी रिकाम्या पेटीजवळ बसली होती. टीव्हीवर तिनं सगळं पाहिलं होतं.

"माझ्या बहिणीनं जीव ओतून विणलेला शेला! आणि तो कुणाच्या गळ्यात? उद्या अनिसेतो दारात उभा राहिला तर काय घालशील गं त्याला?"

इर्मेलिंडा मावशीसमोर बसली आणि तिनं उजवा हात पुढे केला.

"अजून एक पट्टी निघेल का, मावशी?"

मावशीनं त्या मोकळ्या बाहीकडे पाहिलं. मग तिनं कात्री जवळ ओढली, काळं कापड मांडीवर पसरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.